कौल, पाचारण आणि साक्ष : मराठी ख्रिस्ती जीवनात ईश्वरी मार्गदर्शनाचा शोध

१

एखाद्या व्यक्तीने कोणत्या दिवशी बाप्तिस्मा घेतला हे मिशनच्या दप्तरावरून कळते. तो घ्यावा असा निश्चय तिने कसा केला हे त्या दप्तरावरून कळत नाही. एकोणिसाव्या शतकातील मराठी ख्रिस्ती मंडळींच्या इतिहासात ही उणीव विशेष जाणवते. बाप्तिस्मा हा त्या काळी केवळ उपासनेचा विधी नव्हता. त्याच्याबरोबर घर, जात, वारसा, विवाहसंबंध आणि पुष्कळदा गावही सुटत असे. एवढा मोठा निर्णय घेणारा मनुष्य तो आपल्या बुद्धीने घेतला असे क्वचितच म्हणतो. देवाने आपणास त्या वाटेने नेले असे तो म्हणतो. देवाने नेले हे त्याला कसे कळले, ते इतरांनी कशावरून मानावे, आणि त्या निर्णयाचा भार ज्यांच्यावर पडला त्यांना देवाने काही सांगितले होते काय, हे तीन प्रश्न त्यातून उत्पन्न होतात. प्रस्तुत लेखात ह्या प्रश्नांचा विचार काही प्रसिद्ध मराठी व्यक्तींच्या चरित्रांच्या आधारे, आणि ह्या विषयासाठी मराठीत जे शब्द वापरले गेले त्यांच्या आधारे, करावयाचा आहे.

शब्दांपासून आरंभ करण्यास कारण आहे. देवाची इच्छा जाणून घेण्याची रीत मराठी समाजाला मिशनऱ्यांनी शिकविली असे नाही. कोकणात व गोमंतकात देवाला कौल लावण्याची चाल जुनी आहे. मूर्तीला फुले किंवा पाकळ्या चिकटवावयाच्या, गाऱ्हाणे घालावयाचे, आणि उजवीकडची पाकळी पडते की डावीकडची हे पाहावयाचे. उजवा कौल म्हणजे होकार, डावा म्हणजे नकार. लग्न ठरविणे, घर बांधणे, प्रवासास निघणे, दुखण्यावर उपाय करणे अशा प्रसंगी हा कौल घेतला जातो. ‘कौल’ हा शब्द मूळचा अरबी असून त्याचा अर्थ वचन किंवा बोल असा आहे. मराठेशाहीच्या कागदपत्रांत सरकारातून रयतेला मिळालेल्या अभयपत्राला कौल अथवा कौलनामा म्हणत. उजाड गाव पुन्हा वसवावयाचे झाल्यास कुळांना असा कौल देत. राजाने रयतेला द्यावयाचे वचन आणि देवाने भक्ताला द्यावयाचा संकेत ह्या दोहोंना भाषेने एकच शब्द लावला. आज निवडणुकीच्या निकालाला मतदारांचा कौल म्हणतात तेव्हा सत्ता देणारा बदललेला असतो, परंतु वरिष्ठाचा निर्णायक बोल हा अर्थ कायम असतो.

कौलाच्या जोडीला दुसरा मार्ग स्वप्नाचा. वारकरी परंपरेत तुकारामांना गुरूपदेश स्वप्नात झाला, आणि बहिणाबाईंना तुकारामांचे दर्शन स्वप्नात घडले. अशा स्वप्नाला मराठीत दृष्टांत म्हणतात. मराठी बायबलानेही प्रेषितांना झालेल्या दर्शनांसाठी हाच शब्द पत्करला. मात्र ज्या शब्दाने ख्रिस्ती मराठीत विशेष स्थान मिळविले तो ‘पाचारण’ होय. ‘पाचारणे’ म्हणजे हाक मारून बोलावणे. मराठी बायबलात देवाच्या बोलावण्याला हे नाव मिळाले, आणि पुढे पाळकाच्या दीक्षेपासून शिक्षिकेच्या नोकरीपर्यंत अनेक निर्णयांचे वर्णन ख्रिस्ती मंडळी ह्या शब्दाने करू लागली.

ह्या दोन शब्दांच्या वाक्यरचनेत जो फरक आहे तो लक्षात घेण्याजोगा आहे. कौल मनुष्य लावतो, मनुष्य घेतो. वाक्याचा कर्ता तोच असतो. प्रश्न त्याचा, वेळ त्याने ठरविलेली, उत्तर दोहोंपैकी एक. पाचारण मात्र एखाद्याला ‘होते’. तेथे मनुष्य चतुर्थीत जातो आणि क्रिया त्याच्या इच्छेवाचून घडते. प्रश्न देवाचा असतो आणि उत्तर मनुष्याने द्यावयाचे असते. परंतु ह्या फरकाची दुसरी बाजूही आहे. कौल देवळात, गुरवासमक्ष, चार माणसांच्या देखत लागतो. पाकळी पडलेली सर्वांना दिसते. पाचारण कोणाला दिसत नाही. ज्याला झाले त्याच्या शब्दाखेरीज त्याला पुरावा नाही. म्हणून त्याच्या पाठोपाठ ख्रिस्ती मराठीत तिसरा शब्द अपरिहार्यपणे येतो, तो म्हणजे ‘साक्ष’.

२

मराठी ख्रिस्ती लोकांना ह्या बाबतीत युरोपकडून जो वारसा मिळाला तो एकजिनसी नव्हता. त्यातील तीन धारा येथे पाहणे पुरेसे आहे.

पहिली धारा येशूसंघाची. संघाचे संस्थापक इग्नाती लोयोला ह्यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ ह्या ग्रंथाला १५४८ मध्ये पोपची मान्यता मिळाली. त्यात जीवनातील निवड कशी करावी ह्याची पद्धतशीर चर्चा आहे. निवडीचे तीन समय तेथे सांगितले आहेत : संशयाला जागाच राहणार नाही असे स्पष्ट बोलावणे झाले तर तो पहिला, मनाला वारंवार येणारी शांती व उद्विग्नता ह्यांच्या निरीक्षणावरून कल ओळखता आला तर तो दुसरा, आणि मन स्थिर असताना दोन्ही पक्षांचे लाभ व हानी बुद्धीने तोलून पाहणे हा तिसरा. ह्या तिसऱ्या समयी साधकाने दोन कल्पना कराव्या असे इग्नाती सुचवितात. आपल्यासारख्याच पेचात सापडलेल्या एखाद्या अपरिचिताला आपण कोणता सल्ला दिला असता, आणि मृत्युसमयी आपणास कोणती निवड केलेली बरी वाटेल. त्यांनी एक मर्यादाही घातली आहे. विवाहासारखी जी निवड एकदा झाली म्हणजे फिरविता येत नाही, ती पुन्हा निवडीचा विषय होऊ शकत नाही. ही मर्यादा पुढील विवेचनात उपयोगी पडेल.

फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्यास आले आणि येशूसंघाची परंपरा मराठी-कोंकणी प्रदेशात रुजली. त्याच संघाचे फादर स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले व त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले. तथापि तत्कालीन गोमंतकात धर्मांतर बहुधा गावागावांनी व राजसत्तेच्या दडपणाखाली झाले. निवडीची ती सूक्ष्म पद्धत संघाच्या सभासदांच्या साधनेचा भाग राहिली. नव्याने ख्रिस्ती झालेल्या गावकऱ्याला निवड करण्याची मोकळीक तेवढी नव्हती.

दुसरी धारा चिठ्ठ्यांची. मत्थियाची प्रेषित म्हणून निवड चिठ्ठ्या टाकून झाली असे बायबलातच सांगितले आहे. जर्मनीतील हेर्नहूट येथील मोरावियन मंडळीने ही रीत आपल्या कारभाराचा भाग केली. पदाधिकारी नेमणे, मिशनरी पाठविणे, इतकेच नव्हे तर विवाह ठरविणे ह्यासाठीही तेथे चिठ्ठी काढीत. १८१८ मध्ये सामान्य सभासदांच्या विवाहासाठी चिठ्ठीची सक्ती काढून टाकण्यात आली आणि पुढे १८८९ मध्ये ही रीत बंद झाली. जॉन वेस्ली ह्यांचा आरंभीचा काळ ह्या मंडळीच्या सहवासात गेला. १७३७ मध्ये जॉर्जियात असताना सोफाया हॉप्की हिच्याशी विवाह करावा की नाही ह्याचा निर्णय त्यांनी चिठ्ठ्यांवर सोपविला; विचार सोडून द्यावा अशी चिठ्ठी निघाली, आणि थोड्याच दिवसांत तिने दुसऱ्याशी विवाह केला. १७३९ मध्ये ब्रिस्टलला जावे की नाही हा प्रश्नही चिठ्ठीनेच सुटला, आणि त्या प्रवासातून त्यांच्या उघड्या मैदानावरील प्रवचनांना प्रारंभ झाला. परंतु १७५० मध्ये प्रसिद्ध केलेल्या, धर्मोन्मादावरील प्रवचनात त्याच वेस्लींनी वेगळा मार्ग सांगितला. देवाची सामान्य इच्छा शास्त्रात प्रकट झालेली आहे. आपणापुढील विशिष्ट प्रसंगी ती कशी लागू पडते हे अनुभवाने व बुद्धीने ठरवावे. स्वप्ने व अचानक आलेले आवेग ह्यांवर विसंबू नये, असा त्या प्रवचनाचा आशय आहे. कोकणातील कौल आणि हेर्नहूटमधील चिठ्ठी ह्यांचे साम्य उघड आहे. म्हणून कौल ही अज्ञानाची खूण आणि अंतर्यामीचे पाचारण ही ज्ञानाची खूण असे सरळ समीकरण मांडणाऱ्याने युरोपच्या धर्मेतिहासाचा अर्धाच भाग पाहिला असे म्हणावे लागेल.

तिसरी धारा ब्रिस्टलचे जॉर्ज म्यूलर ह्यांची. १८३६ मध्ये त्यांनी अनाथगृह सुरू केले आणि कोणाही मनुष्याकडे पैसे न मागता केवळ प्रार्थनेवर ते चालविण्याचा नियम केला. देवाची इच्छा ओळखण्याची त्यांची पद्धत त्यांच्या वाचकांत सर्वत्र माहीत होती. प्रथम त्या बाबतीत स्वतःची इच्छा शून्य करावी, भावनेवर भरवसा ठेवू नये, आत्म्याची प्रेरणा शास्त्रवचनाशी ताडून पाहावी, परिस्थितीचा विचार करावा, प्रार्थना करावी, आणि मग शांत मनाने जो निर्णय होईल त्याप्रमाणे चालावे. मराठी मुलुखात ह्या पद्धतीचा सर्वांत मोठा परिणाम पंडिता रमाबाईंवर झाला.

३

पाचारणाचा पुरावा कोण पाहणार, हा प्रश्न मुंबईत प्रथम न्यायालयात उभा राहिला. १८३९ मध्ये डॉ. जॉन विल्सन ह्यांच्या शाळेतील धनजीभाई नौरोजी ह्या पारशी विद्यार्थ्याने बाप्तिस्मा घेतला. तेव्हा त्याला परत मिळविण्यासाठी त्याच्या नातेवाइकांनी सुप्रीम कोर्टात धाव घेतली. कोर्टाने त्याला हवे तेथे जाण्याची मोकळीक दिली आणि तो विल्सन ह्यांच्याकडे परतला. चार वर्षांनी, १८४३ मध्ये, नारायण शेषाद्रि ह्यांनी बाप्तिस्मा घेतला. ते वयात आलेले असल्याने त्यांच्या निर्णयाला आव्हान राहिले नाही; परंतु त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हा मिशनच्या घरी राहिला होता, त्याला कोर्टाने बापाच्या स्वाधीन केले. श्रीपतला प्रायश्चित्त देऊन पुन्हा जातीत घ्यावे की नाही ह्यावर मुंबईत मोठा वाद माजला आणि बाळशास्त्री जांभेकर ह्यांनी त्याला परत घेण्याचा पक्ष उचलून धरला.

ह्या खटल्यांत न्यायालयाने देवाने कोणाला बोलावले हे पाहिले नाही, आणि ते पाहणे त्याला शक्यही नव्हते. निर्णय करणाऱ्याला समज येण्याइतके वय झाले आहे काय, एवढेच त्याने पाहिले. श्रद्धेच्या निर्णयाला कायद्याने लावलेली ही कसोटी पुढील कायद्यांतही दिसते. १८५० च्या कायद्याने धर्म किंवा जात सुटल्यामुळे वारसाहक्क जाण्याची आपत्ती दूर केली. १८६६ च्या कायद्याने, धर्मांतरितासह नांदण्यास जोडीदार तयार नसेल तर ठराविक चौकशीनंतर विवाह विसर्जित करण्याची सोय केली. हा दुसरा कायदा करावा लागला ह्यातच त्या काळच्या घराघरांतील दुःखाची नोंद आहे. पाचारण एकाला झाले आणि विवाह दोघांचा होता.

४

न्यायालयापुढे वय सिद्ध करता येते. समाजापुढे अंतःकरण सिद्ध करावयाचे तर लिहावेच लागते. मराठीतील आरंभीच्या आत्मचरित्रांपैकी एक, म्हणजे बाबा पदमनजींचे ‘अरुणोदय’, ह्याच गरजेतून निर्माण झाले. पदमनजींचा जन्म १८३१ मध्ये बेळगाव येथे झाला आणि बाप्तिस्माही तेथेच १८५४ मध्ये झाला. आत्मचरित्र त्यानंतर सुमारे तीन दशकांनी आले. त्यात एका क्षणाचा चमत्कार वर्णिलेला नाही. शाळेतील वाचन, मित्रांशी वाद, मूर्तिपूजेविषयीचा संशय, जातिभेद न मानणाऱ्या परमहंस मंडळीशी आलेला संबंध, आणि मनात पटलेले असूनही उघड बोलण्याचे धैर्य नसल्याने लोटलेला काळ, असा तो दीर्घ प्रवास आहे. परमहंस मंडळीचे काम गुप्तपणे चाले. मनाची खात्री आणि उघड आचार ह्यांतील ते अंतर पदमनजींना असह्य झाले असे त्यांच्या कथनावरून दिसते. ग्रंथाचे नावच ह्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे; अरुणोदयाचा अमुक एक क्षण दाखविता येत नाही, उजाडत जाते एवढेच म्हणता येते.

नीलकंठशास्त्री गोऱ्हे ह्यांचे उदाहरण ह्याहून निराळे. काशीतील हा महाराष्ट्रीय पंडित ख्रिस्ती मताचे खंडन करावयास निघाला आणि १८४८ मध्ये जौनपूर येथे त्याने बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या हे नाव धारण केले. परंतु बाप्तिस्म्याने त्यांच्या शंका संपल्या नाहीत. ते एका मिशनमधून निघून आंग्लिकन पंथातील संन्यस्त संघाच्या जवळ गेले आणि तेथेही अखेरची प्रतिज्ञा त्यांनी घेतली नाही. कठोर तर्काने एक निर्णय घेतल्यावर पुढच्या प्रत्येक निर्णयाला तोच तर्क लावण्याचे ओझे त्यांनी जन्मभर वाहिले. निःसंशय खात्री हे ईश्वरी मार्गदर्शनाचे आवश्यक लक्षण मानले तर गोऱ्ह्यांना ते कधीच मिळाले नाही असे होईल. त्यांच्या निष्ठेविषयी मात्र कोणी शंका घेतली नाही.

५

गोऱ्ह्यांच्या पत्रांचा पंडिता रमाबाईंच्या निर्णयावर परिणाम झाला, परंतु दोघांच्या वृत्तीत मोठे अंतर होते. रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे ह्यांनी पत्नीला व मुलीला संस्कृत शिकविले, आणि त्यापायी जनरोष सोसला. पुराणे सांगत तीर्थाटन करणाऱ्या ह्या कुटुंबाने दुष्काळात देवाच्या कृपेसाठी दाने, व्रते व अनुष्ठाने केली. द्रव्य संपले, आणि १८७४ मध्ये आईवडील दोघेही गेले. १८८० मध्ये भाऊ व १८८२ मध्ये पती गमावल्यावर, देवाला प्रसन्न करून त्याच्याकडून उत्तर मिळविण्याच्या मार्गावर ह्या विदुषीची श्रद्धा राहिली नाही ह्यात नवल नाही.

१८८३ मध्ये त्या वैद्यकीय शिक्षणाच्या हेतूने इंग्लंडला गेल्या. कानांच्या दोषामुळे तो हेतू सिद्ध झाला नाही. वाँटेज येथील धर्मभगिनींच्या मठात राहत असता, ज्या सखीबरोबर त्या तेथे आल्या होत्या तिने आत्महत्या केली. ह्या आघातानंतर त्याच वर्षी २९ सप्टेंबरला रमाबाईंनी व त्यांच्या कन्येने बाप्तिस्मा घेतला. पुढील दोन-तीन वर्षांत भगिनी जेराल्डीन व चेल्टनहॅमच्या डोरोथिया बील ह्यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला तो १९७७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला असून, प्रस्तुत विषयासाठी त्याच्याइतके महत्त्वाचे साधन दुसरे नाही. त्रैक्याविषयीचा सिद्धांत रमाबाईंना पटत नव्हता. पुरुष विद्यार्थ्यांना शिकविण्यास धर्माधिकाऱ्यांनी घेतलेली हरकतही मान्य नव्हती. देवाची इच्छा चर्चच्या परंपरेतून व वडीलधाऱ्यांच्या आज्ञेतून कळते, स्वतःच्या मतावर विसंबणे हा अहंकार होय, ही जेराल्डीन ह्यांची भूमिका होती. आपणास देवाने सदसद्विवेक दिला आहे, आणि भारतातील पुरोहितांच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटल्यावर दुसऱ्या पुरोहितवर्गाच्या जोखडात मान घालणे शक्य नाही, अशा आशयाचे उत्तर रमाबाईंनी दिले.

ह्या वादात दोन्ही बाजूंनी एकाच देवाच्या इच्छेचा आधार घेतला हे ध्यानात ठेवले पाहिजे. चर्चच्या भगिनीला रमाबाईंचा अंतर्नाद हा हट्ट वाटला. रमाबाईंना चर्चची आज्ञा हा मनुष्याचा आवाज वाटला. मतभेद मार्गदर्शनाच्या साधनाविषयी होता. परंपरेने तोललेली प्रेरणा चुकण्याचा संभव कमी, हा एक पक्ष. परंपरा चालविणारे सत्ताधारीच असतील तर ती प्रेरणा दाबण्याचे हत्यार होते, हा दुसरा. पराधीन देशातून आलेल्या विधवेच्या बाबतीत दुसऱ्या पक्षाला वजन होते हे आज सहज दिसते.

मात्र रमाबाई केवळ विवेकावर थांबल्या नाहीत. १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या साक्षीत त्यांनी सांगितले आहे की, बाप्तिस्म्याच्या वेळी आपणास ख्रिस्ती धर्म मिळाला होता, प्रत्यक्ष ख्रिस्त पुढे, १८९१ च्या सुमारास, उमगला. म्यूलर, हडसन टेलर व जॉन पेटन ह्यांची चरित्रे त्यांनी वाचली आणि भारतातही देवावर विसंबून असे काम चालावे असे त्यांना वाटू लागले. १८९६ मध्ये मध्य प्रांतातील दुष्काळाची वार्ता आली. आपल्या कुटुंबाने भोगलेला दुष्काळ त्यांच्या स्मरणात होता. शारदा सदनाच्या मर्यादित निधीत नव्या मुलींची सोय नव्हती. तरीही त्या तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली त्यांनी आणल्या. पुण्यात प्लेगमुळे निर्बंध आल्याने केडगावच्या जमिनीवर त्यांची व्यवस्था झाली व मुक्ति सदन उभे राहिले. म्यूलरच्या पद्धतीतील सर्व अंगे ह्या निर्णयात दिसतात : वचन, प्रार्थना, परिस्थिती. परंतु त्यात एक चौथे अंग रमाबाईंचे स्वतःचे आहे, ते म्हणजे भोगलेल्या दुःखाची स्मृती. म्यूलरने भावनेवर भरवसा ठेवू नये असे सांगितले होते. रमाबाईंच्या बाबतीत मात्र स्वतःच्या उपासमारीची आठवण हीच हाकेची भाषा झाली.

आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी बायबलच्या मराठी भाषांतराला दिली. त्यासाठी हिब्रू व ग्रीक ह्या भाषा त्या शिकल्या. संस्कृतप्रचुर आणि हिंदू धर्मकल्पनांशी जडलेले शब्द शक्य तेवढे टाळून अल्पशिक्षित स्त्रीलाही समजेल अशी भाषा त्यांनी योजिली. ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये, पूर्ण रूपात प्रसिद्ध झाला. मार्गदर्शनाच्या प्रश्नाशी ह्या भाषांतराचा संबंध निकटचा आहे. देवाचे वचन मध्यस्थावाचून वाचता आले तरच सदसद्विवेकाला काही आधार राहतो, ही वाँटेजच्या वादातील भूमिका येथे कृतीत उतरली.

६

नारायण वामन टिळकांच्या चरित्रात हा प्रश्न सर्वांत तीव्र स्वरूपात पुढे येतो. नागपूरहून राजनांदगावला जात असता आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाशी त्यांचा संवाद झाला. त्याने त्यांना नवा करार दिला आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. टिळकांनी ग्रंथ वाचला, डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन वेधले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तुकारामांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो हे त्यांचे म्हणणे प्रसिद्ध आहे. त्यांच्या बाबतीत पाचारणाचे जुने मराठी वळण तुटले नाही, एवढा त्याचा अर्थ.

ह्या निर्णयात पत्नीचा वाटा नव्हता. लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त, १९३४ पासून खंडशः प्रसिद्ध झालेल्या त्या ग्रंथात, बाप्तिस्म्याची वार्ता येऊन कोसळल्यानंतरच्या दिवसांचे जे वर्णन केले आहे ते मराठी वाचकांस परिचित आहे. लहान मुलाला घेऊन त्या आप्तांच्या आश्रयाने राहिल्या. पंढरपुरात दिवस काढले. पतीची पत्रे येत, भेटीही होत. पण संसार मोडला होता. सुमारे पाच वर्षांनी त्या नगरला पतीजवळ राहावयास आल्या, तरी त्यांचे सोवळे व स्वयंपाक वेगळाच राहिला. पुढे राहुरीस असताना जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःशी घातला. देवाने माणूस केला, जात माणसाने केली, असे उत्तर त्यांना मिळाले व त्याबरोबर सोवळे सुटले. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

ही दोन पाचारणे शेजारी ठेवून पाहिली पाहिजेत. टिळकांच्या पाचारणाला ग्रंथ, प्रवास, काव्य आणि भाकीत ह्यांची साथ होती. लक्ष्मीबाईंच्या पाचारणाला पाण्याची घागर आणि शिवाशिवीचा प्रश्न एवढीच सामग्री होती. टिळकांनी उडी घेतली. लक्ष्मीबाई पायरी पायरीने चढल्या. विशेष हे की, पतीच्या मागे जाणे हे त्या काळच्या स्त्रीचे ठरलेले कर्तव्य असतानाही, त्या श्रद्धेच्या बाबतीत पतीच्या मागे गेल्या नाहीत. स्वतःला पटेपर्यंत त्यांनी वाट पाहिली. टिळकांनीही ती पाहिली. १८६६ च्या कायद्याने मोकळी केलेली वाट त्यांनी धरली नाही. इग्नातींच्या भाषेत सांगावयाचे तर, श्रद्धेची निवड नव्याने झाली, परंतु विवाह ही पूर्वी झालेली व न फिरणारी निवड म्हणून पुन्हा विचारार्थ घेतली गेली नाही. त्यांच्या पाच वर्षांच्या विरहाला जो अर्थ आला तो ह्यामुळे आला.

तथापि ह्या शेवटामुळे आरंभाचा प्रश्न पुसला जात नाही. लक्ष्मीबाई परतल्या नसत्या तर टिळकांचे पाचारण खोटे ठरले असते काय? तसे म्हणता येणार नाही. परिणामावरून देवाची इच्छा ठरवू लागल्यास पाचारण पुन्हा कौलच होते, फक्त पाकळी पडावयास काही वर्षे लागतात. उलट, परिणामाची काही जबाबदारीच नाही असे मानले तर ‘देवाने सांगितले’ हे वाक्य घरातील दुर्बळावर अन्याय करण्याचे साधन होऊ शकते. ‘स्मृतिचित्रे’ची थोरवी अशी की, लक्ष्मीबाईंनी पतीच्या श्रद्धेला दोष दिला नाही आणि आपल्या दुःखाला लपविलेही नाही. बोलावणे आले त्याची साक्ष मराठीत पुष्कळांनी दिली. बोलावण्याची किंमत जिने दिली तिची साक्ष ह्या ग्रंथात आहे.

१९१७ मध्ये टिळकांनी आणखी एक मोठा निर्णय घेतला. अमेरिकन मराठी मिशनचे वेतन व पद सोडून ते साताऱ्यास गेले आणि ‘देवाचा दरबार’ ही बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांची संस्था त्यांनी काढली. ख्रिस्ताला देशी वेषात पाहण्याची त्यांची इच्छा त्यामागे होती. ह्या वेळी लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर होत्या. १९१९ मध्ये टिळकांचे निधन झाले आणि दरबाराचे कार्य मूळ धरण्यापूर्वीच थांबले. बाह्य फळावरून पाहता हा निर्णय अयशस्वी. पण त्यांच्या चरित्राचा विचार करणाऱ्याला तो १८९५ च्या निर्णयाइतकाच सुसंगत दिसतो.

७

वरील उदाहरणांवरून काही गोष्टी निश्चितपणे म्हणता येतात. मराठी ख्रिस्ती परंपरेत ईश्वरी मार्गदर्शनाची एकच पद्धत कधीही नव्हती. पदमनजींनी वाचन व काळ ह्यांवर, गोऱ्ह्यांनी तर्कावर, रमाबाईंनी सदसद्विवेक व प्रार्थना ह्यांवर, टिळकांनी भक्तीच्या ओढीवर, आणि लक्ष्मीबाईंनी रोजच्या व्यवहारातून आलेल्या एका साध्या प्रश्नावर आपला निर्णय उभा केला. शास्त्रवचन ही कसोटी सर्वांना मान्य होती. परंतु वचन अमुक गावी जा किंवा अमुक नोकरी सोड असे सांगत नाही. सामान्य आज्ञेपासून विशिष्ट निर्णयापर्यंतचे अंतर प्रत्येकाला स्वतःच्या विवेकानेच चालावे लागले.

दुसरी गोष्ट अशी की, कौलाच्या प्रथेत समाज जी साक्षीदाराची भूमिका करीत असे ती पाचारणाच्या कल्पनेत रिकामी राहिली, आणि ती भरून काढण्यासाठी ख्रिस्ती मराठीने आत्मचरित्राचा आश्रय घेतला. मराठी गद्याला ह्यातून झालेला लाभ मोठा आहे. मनुष्याच्या मनात निर्णय कसा पिकतो ह्याचे प्रांजळ वर्णन करण्याची भाषा, एरवी उशिरा आली असती ती, ह्या साक्षींमुळे लवकर घडली.

तिसरी गोष्ट ह्या साक्षींच्या वाचनातून सर्वाधिक ठळकपणे जाणवते. आपल्या अंतर्नादाची शंका घेण्याची तयारी ज्यांनी ठेवली, वाट पाहण्याचे धैर्य ज्यांनी दाखविले, आणि आपल्या निर्णयाने ज्यांचे नुकसान होणार त्यांचा आवाज ऐकण्यास जे विसरले नाहीत, त्यांच्या निर्णयांवर पुढच्या पिढ्यांनी विश्वास ठेवला. पाचारण एकट्याला होते. त्याची पारख मात्र घर, मंडळी व काळ ह्यांच्या सहवासातच होत आली आहे. मराठी ख्रिस्ती चरित्रांचा अभ्यास करताना बाप्तिस्म्याच्या तारखेबरोबर त्या घरातील उरलेल्या माणसांचे पुढे काय झाले ह्याचीही नोंद ठेवली जावी, एवढे ह्या विवेचनावरून सुचवावेसे वाटते.